नाकतोड्याची मात

वजिरासारखा आडवा, उभा आणि तिरपा चालणारा, पण मोकळ्या पटावर जागचा हलूही न शकणारा एक मोहरा आहे. वाटेत दुसरा कोणी उभा असेल, मग तो आपला असो की शत्रूचा, तरच त्याला चाल मिळते. त्या अडथळ्यावरून उडी मारायची आणि लगेच पलीकडच्या घरात उतरायचे, त्याच्या पुढे एकही घर नाही. त्या घरात शत्रू असेल तर तो मरतो, आपलाच कोणी असेल तर उडी होत नाही. थॉमस रेनर डॉसन या इंग्रज रचनाकाराने १९१३ साली ‘चेल्टनहॅम एक्झॅमिनर’ या वर्तमानपत्रातल्या कोड्यांतून हा मोहरा लोकांपुढे आणला. इंग्रजीत तो ग्रासहॉपर. मराठीत नाकतोडा म्हटले की काम भागते.

हा मोहरा काय करू शकतो ते पट मांडूनच पाहावे. काळा राजा एच८ वर, त्याची दोन प्यादी जी७ आणि एच७ वर. पांढऱ्याचा नाकतोडा आठव्या रांगेच्या दुसऱ्या टोकाला, ए८ वर. घोडा एफ६ वर, उंट सी४ वर आणि राजा ई१ वर. पांढऱ्याने एका खेळीत मात करायची आहे. घोडा जी८ वर जातो. तिथून घोड्याचा शह लागत नाही, उंटाचाही लागत नाही. पण काळ्या राजाच्या अगदी शेजारी आता एक अडथळा उभा राहिला, आणि रांगेच्या पार टोकाला बसलेल्या नाकतोड्याला थेट एच८ पर्यंत उडी मिळाली. राजाला घोडा मारता येत नाही, कारण जी८ वर उंटाचा जोर आहे. बाकीची दोन घरे त्याच्याच प्याद्यांनी अडवली आहेत. मात झाली.

नेहमीच्या खेळात मधला मोहरा बाजूला सरकला की मागच्याचा शह लागतो. इथे मोहरा मध्ये येऊन बसतो म्हणून शह लागतो. या विषयातले लोक याला अँटी-बॅटरी म्हणतात, आणि ही एक कल्पना शंभर वर्षांहून अधिक काळ रचनाकारांना पुरून उरली आहे.

तरीही वरची मांडणी रचना म्हणून बाद आहे. घोड्याऐवजी उंटच जी८ वर गेला तरी अडथळा तयार होतो, आणि तेव्हा त्या घरावर घोड्याचा जोर असतो. म्हणजे पुन्हा मातच. एका कोड्याला रचनाकाराच्या मनात नसलेले दुसरे उत्तर निघाले की कोडे संपले, हा या कलेचा सर्वांत कडक नियम. आता उंट उचलून ठेवा आणि पांढरा राजा ई१ वरून एफ७ वर आणा. जी८ वरचा जोर राजाकडे आला. पण राजाला स्वतः त्या घरात जाता येत नाही, कारण दोन राजे लागून उभे राहू शकत नाहीत. नाकतोड्याला दुसरीकडून उडी नाही, घोड्याच्या इतर चालींनी काही साधत नाही. उत्तर एकच उरले, तेही एक मोहरा कमी करून. इतक्या लहान उदाहरणातही रचनाकाराचे काम कसे चालते ते कळते. नवा मोहरा पटावर आणणे सोपे असते. त्याच्याकडून एकच गोष्ट, एकाच रीतीने करवून घेणे अवघड असते.

अनोखे मोहरे, बदललेले नियम किंवा वेगळा पट घेऊन केलेल्या अशा रचनांना फेअरी चेस हे नाव १९१४ मध्ये मेलबर्नच्या हेन्री टेट यांनी दिले असे मानतात. परीकथेतल्यासारखे बुद्धिबळ, असा त्याचा भाव. नाव गोड आहे, पण त्याने एक गैरसमजही पसरला: हा रिकाम्या वेळचा चाळा आहे, खरे बुद्धिबळ वेगळेच आहे. खरे बुद्धिबळ म्हणून आपण जे धरून बसतो त्याचे वय मात्र फार नाही. वजिराची आजची लांबलचक चाल आणि उंटाची तिरपी धाव पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात रुळली. त्याआधी शतकानुशतके वजीर तिरपे एकच घर चालत होता.

आपल्याकडचे पुरावे तर याहून बोलके आहेत. नवव्या शतकातल्या काश्मीरच्या रुद्रटाने ‘काव्यालंकार’ ग्रंथात अर्ध्या पटाच्या बत्तीस घरांत श्लोकाची अक्षरे अशी बसवली, की सरळ वाचले काय आणि घोड्याच्या उड्यांनी वाचले काय, तोच श्लोक हाती लागावा. त्याने रथाच्या आणि गजाच्या चालीचेही असे बंध रचले. त्यातला हत्ती आपल्या ओळखीचा सरळ धावणारा हत्ती नाही. त्याची चाल पाच घरांची होती असे अभ्यासक मानतात: चार तिरपी आणि एक समोरचे. सुमारे १०३० मध्ये अल्-बिरूनीने हिंदुस्थानातल्या हत्तीची हीच चाल नोंदवली आहे. म्हणजे एखाद्या मोहऱ्याची चाल घ्यायची, तिच्यातून कोणता आकार निघतो ते पाहायचे आणि त्यावर कोडे उभे करायचे, हा उद्योग आपल्याकडे हजार वर्षांहून जुना आहे. रुद्रटाचे काम मला या कलेचे खरे मूळ वाटते. तिथे प्रतिस्पर्धी नाही, जिंकणे-हरणे नाही; आहे ती फक्त चाल आणि तिने स्वतःवर घालून घेतलेली अट.

युरोपात कॅस्टिलचा राजा दहावा आल्फोन्सो याने १२८३ मध्ये खेळांचा जो सचित्र ग्रंथ सिद्ध करवला, त्यात बारा बाय बारा घरांचे एक मोठे बुद्धिबळ आहे. जिराफ, मगर, सिंह, एकशिंगी आणि एक प्रचंड पक्षी असे मोहरे त्यात आहेत. मुंबईत १८१४ साली त्रिवंगडाचार्य शास्त्री यांचे बुद्धिबळावरचे पुस्तक इंग्रजीत छापले गेले. मूळ ग्रंथ संस्कृत, भर जवळजवळ सगळा मांडलेल्या स्थितींवर. देशी खेळात राजाला एकदा घोड्याची उडी घेता येत असे, प्यादे पहिल्या खेळीतही एकच घर पुढे सरके, आणि शेवटच्या घरात पोचलेले प्यादे कोणता मोहरा होणार हे ते कोणत्या पट्टीत पोचले त्यावर ठरे. प्याद्याने केलेली मात विशेष मानाची. ‘प्यादेमात’ हा शब्द मराठीत आहेच. अमक्याच मोहऱ्याने मात करून दाखव, ही अट आली की कोड्याने नेहमीच्या खेळाची वेस ओलांडलीच.

एकोणिसाव्या शतकात जर्मनीचे माक्स लांगे यांनी १८५४ मध्ये वेगळीच कल्पना मांडली: काळा आणि पांढरा दोघांनी मिळून काळ्या राजावर मात घडवून आणायची. अमेरिकेचे सॅम लॉइड यांनी १८६० मध्ये असे कोडे रचून छापले. शत्रूच मदतीला आला की कोडे सोपे होईल असे वाटते. प्रत्यक्षात ते अवघड होते, कारण अडवणारे कोणी नसताना सुद्धा मात फक्त एकाच वाटेने घडावी लागते. ही सहकारी मात, म्हणजे हेल्पमेट, पुढे कित्येक दशके फेअरीच्या खात्यात मोडत होती. आज ती इतकी रुळली आहे, की कोणी तिला अनोखी म्हणत नाही. कालचे विचित्र आज नेमस्त होते ते असे.

डॉसन यांच्याकडे परत जायला हवे, कारण त्यांच्याशिवाय हे क्षेत्र विस्कळीत गमतींपुरतेच राहिले असते. १८८९ मध्ये लीड्सला जन्म, १९५१ मध्ये मृत्यू. पोटासाठी त्यांनी ब्रिटनच्या रबर उद्योगात काम केले. रचना केल्या सुमारे साडेसहा हजार, त्यांतल्या पाच हजारांहून अधिक फेअरी प्रकारच्या. आकडा मोठा आहे, पण त्यांचे मोठेपण त्यात नाही. त्यांनी या प्रदेशाचे नकाशे काढले. नाकतोडा आल्यावर घोड्याला लांबवण्याचा विचार त्यांनी १९२५ मध्ये नाइटरायडर या मोहऱ्यातून मांडला. हा घोडा एकाच दिशेने एकापाठोपाठ कितीही उड्या घेतो: बी१ वरून सी३, तिथून डी५, तिथून ई७. वाटेतले उतरण्याचे घर अडले की थांबायचे. घोड्याची चाल वाकडी असते ही आपली समजूत या मोहऱ्यापुढे टिकत नाही. त्याच्या लेखी त्या सरळच रेघा आहेत, फक्त आपल्या डोळ्यांना सवय नसलेल्या कोनात.

जुन्या शतरंजमधून आणि इतर देशांच्या खेळांतूनही त्यांनी मोहरे घेतले. चिनी बुद्धिबळातल्या तोफेला मारताना मध्ये एक मोहरा लागतो. ती घेऊन डॉसननी तिची तिरपी आणि वजिरी भावंडे तयार केली. कोणाचाही नसलेला, दोन्ही बाजूंना आपलाच म्हणून चालवता येणारा तटस्थ मोहरा हीही त्यांचीच कल्पना. या जगात कॅमल नावाचा मोहरा एका दिशेने एक आणि काटकोनात तीन घरे अशी उडी मारतो आणि वजीर नावाचा सरळ एकच घर सरकतो. मराठी वाचकाने आपल्या उंट-वजिराशी त्यांची गल्लत करू नये. या लेखात हे शब्द आपल्याच अर्थाने आहेत.

१९३० पासून डॉसन ‘द प्रॉब्लेमिस्ट’ या ब्रिटिश नियतकालिकाची फेअरी पुरवणी चालवत. १९३६ पासून तिचे ‘फेअरी चेस रिव्ह्यू’ झाले आणि ते शेवटपर्यंत त्यांनी सांभाळले. या पानांवर देशोदेशीचे लोक एकमेकांच्या रचना तपासत, चुका काढत, नव्या अटी सुचवत. डॉसन यांच्या पाच छोट्या पुस्तकांचा एकत्र खंड १९७३ मध्ये डोव्हरने काढला. नव्याने शिकणाऱ्याने आजही तिथूनच सुरुवात करावी असे माझे मत आहे, कारण डॉसन एका वेळी एकच गोष्ट बदलतात आणि मग ती पिळून पाहतात.

मोहरे बदलण्याचा हा एक रस्ता झाला. दुसरा रस्ता नियमांचा, आणि गेल्या पन्नास-साठ वर्षांत वर्दळ त्याच रस्त्यावर जास्त आहे. मोहरे आपले नेहमीचेच. फक्त त्यांनी पाळायचा एक कायदा नवा. याही बाबतीत डॉसन पुढे होतेच. मॅक्सिममरमध्ये काळ्याला प्रत्येक वेळी उपलब्ध चालींतली सर्वांत लांब चाल खेळावी लागते. लांबी भूमितीने मोजायची: घोड्याची उडी पाचाचे वर्गमूळ, म्हणजे सुमारे २.२४, उंटाची दोन घरांची चाल सुमारे २.८३, म्हणून उंट पुढे. पांढरा आता काळ्याशी लढत नाही, त्याला मोजमापाच्या दोरीने ओढत नेतो. वॉल्टर स्टेड यांच्या १९५३ मधल्या ग्रिड चेसमध्ये पटाचे चार-चार घरांचे सोळा चौक पाडतात आणि प्रत्येक चालीने निदान एक हद्द ओलांडावी लागते. एकाच चौकात शेजारी उभा असलेला वजीर राजाला हातही लावू शकत नाही.

सर्सी हा प्रकार फ्रान्समधला. १९६७-६८ च्या सुमारास पिएर मोंरेआल आणि ज्याँ-पिएर बॉयर यांनी तो पुढे आणला. मारलेला मोहरा पटाबाहेर जात नाही, डावाच्या सुरुवातीला त्याचे जे घर असते तिथे तो पुन्हा उभा राहतो. ते घर व्यापलेले असेल तरच तो खरोखर मरतो. हत्ती, उंट, घोडा यांच्या बाबतीत जिथे मारला गेला त्या घराच्याच रंगाचे मूळ घर धरायचे. आता पाहा: पांढरा हत्ती डी४ वर, काळा उंट जी७ वर, मधली दोन्ही घरे मोकळी, काळा राजा ए६ वर आणि ए पट्टी रिकामी. उंटाने हत्ती मारावा अशीच ही स्थिती दिसते. पण डी४ काळे घर. तिथे मेलेला हत्ती ए१ या काळ्या घरात जन्म घेईल आणि त्याच क्षणी ए६ वरच्या राजाला शह देईल. स्वतःच्या राजाला शह ओढवून घेणारी खेळी बेकायदा, म्हणून उंटाला तो हत्ती मारताच येत नाही. जोर नसलेला हत्ती निर्धास्त उभा असतो, कारण त्याचे मरण मारणाऱ्यालाच महाग पडते. सर्सीतून पुढे डझनावारी पोटप्रकार निघाले, काही चांगले, काही नुसतेच गुंतागुंतीचे.

भारतीय माणसाने या कलेला दिलेली सर्वांत मोठी देणगी मद्रासी बुद्धिबळ. अब्दुल जब्बार करवतकर यांनी १९७९ मध्ये ते मांडले. नियम एका वाक्याचा: राजा सोडून कोणत्याही मोहऱ्यावर शत्रूच्या त्याच जातीच्या मोहऱ्याचा मारा असेल, तर तो लुळा पडतो. त्याला चालता येत नाही, मारता येत नाही, शहही देता येत नाही. हत्तीपुढे हत्ती आला की दोघे थिजतात, घोड्यापुढे घोडा आला की दोघे थिजतात.

यातून काय घडते ते सावकाश पाहण्यासारखे आहे. काळा राजा ए८ वर, काळा हत्ती एच८ वर. पांढरा राजा सी७ वर, हत्ती ए१ वर, घोडा सी३ वर, उंट जी४ वर. ए१ वरच्या हत्तीचा राजाला शह आहे आणि खेळी काळ्याची. पळायला जागा नाही: ए७ वर हत्तीचा मारा, बी७ आणि बी८ पांढऱ्या राजाने धरलेली. नेहमीच्या नियमांनी ही मात झाली असती, कारण मध्ये घालायलाही काही नाही. इथे मात्र काळा हत्ती एच८ वरून एच१ वर उतरतो. पहिल्या रांगेत दोन हत्ती समोरासमोर आले, दोघेही लुळे पडले आणि शह विझला. शह देणाऱ्याला मारले नाही, त्याच्या वाटेतही कोणी आले नाही. पटाच्या दुसऱ्या टोकावरून नुसती नजर भिडवली, एवढेच.

आता पांढरा काय करतो? त्याचा घोडा डी१ वर येऊन त्या दोन हत्तींच्या मध्ये उभा राहतो. एक रेघ बंद झाली, त्यामुळे पांढरा हत्ती शुद्धीवर आला आणि उभ्या पट्टीतला शह पुन्हा पेटला. काळा हत्तीही शुद्धीवर आला. त्याला एकच उपाय आहे: डी१ वरचा घोडा मारायचा. मारला, आणि दोन्ही हत्ती पुन्हा समोरासमोर, पुन्हा लुळे, शह पुन्हा विझला. मग जी४ वरचा उंट डी१ वर येऊन तो हत्ती मारतो. आता विझवायला कोणी उरले नाही. मात. (रचना म्हणून हेही पुरे पडणार नाही. उंट आधी डी१ वर आला आणि घोड्याने नंतर हत्ती मारला तरी मात होते. क्रम एकच राहावा यासाठी जे करावे लागेल तीच खरी रचना.) एका वाक्याच्या नियमातून शह पेटणे, विझणे, परत पेटणे हे सगळे निघाले, एकही नवा मोहरा लागला नाही.

मद्रासीला मी एवढी जागा दिली, कारण चांगला नियम कसा असावा याचे ते मला सर्वांत स्पष्ट उदाहरण वाटते. सांगायला एक वाक्य, आणि परिणाम मात्र असे, की जुन्या मोहऱ्यांमधली जुनी नाती उलटीपालटी व्हावीत. नेहमीच्या खेळात रेघ बंद करणे हा बचाव असतो. इथे तेच आक्रमणाचे साधन झाले. हा नियम जगभरच्या रचनाकारांनी उचलला आणि आज तो फेअरी जगतातल्या पायाभूत अटींमध्ये मोडतो. बुद्धिबळाच्या आपल्याकडच्या गप्पांत करवतकरांचे नाव क्वचितच निघते, याचे मला फार वाईट वाटते.

सगळेच नियम असे नसतात. गेल्या काही दशकांत अटींची संख्या इतकी वाढली आहे, की त्यांचा नुसता कोश करायचा म्हटला तरी मोठे पुस्तक व्हावे. मारणाऱ्याचा रंग बदलतो, चालणारा मोहरा प्रत्येक चालीबरोबर दर्जाने घसरतो, जोर असलेल्यालाच मारायची परवानगी मिळते, शेजारी कोणी असेल तरच हलता येते. यातली प्रत्येक कल्पना एकेकटी घेतली तर तिच्यात काही ना काही दम असतो. अडचण येते ती दोन-तीन अटी एकत्र कालवल्या जातात तेव्हा. चार अनोखे मोहरे, वर दोन अटी, शिवाय पट नळकांड्यासारखा गुंडाळलेला: अशा कोड्याचे उत्तर वाचताना डोके शिणते, पण आश्चर्य वाटत नाही. आश्चर्य वाटायला अपेक्षा लागते. जिथे काय होऊ शकेल याचा अंदाजच बांधता येत नाही, तिथे अंदाज चुकण्याचा आनंदही नाही. काही रचनांत तर नियमच त्या एका रचनेसाठी कापून शिवलेला असतो. तिथे अवघड ते सगळे नियमाने केलेले असते, मोहऱ्यांना काही करावे लागत नाही.

याच्या उलट बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणेही मी मानतो. दोन खेळ्यांत मात करण्याच्या नेहमीच्या कोड्यांवर दीड-दोनशे वर्षे इतके काम झाले आहे, की नव्या रचनाकाराला आपली म्हणावी अशी वाट मिळणे कठीण. नवीन काही सुचले असे वाटावे आणि १९३० च्या एखाद्या अंकात ते आधीच छापलेले निघावे, हा नित्याचा प्रकार. फेअरीत मोकळी जमीन आहे. शिवाय काही कल्पना जुन्या मोहऱ्यांनी साधतच नाहीत. चार मोहऱ्यांनी आपापसांत चक्राकार जागा बदलणे, एकाच रेघेवर शह पेटत-विझत राहणे, अशा गोष्टींना नवा कायदाच लागतो. माझी कसोटी एवढीच: अट काढून टाकली तर कल्पना कोसळली पाहिजे, आणि अट ठेवली तर तिच्यातून या कल्पनेशिवाय आणखीही काही निघण्याची शक्यता दिसली पाहिजे.

खेळण्यासाठी बदललेले नियम हा वेगळा विषय आहे, आणि दोहोंची गल्लत होते म्हणून थोडक्यात सांगतो. बॉबी फिशर यांनी १९९६ मध्ये मांडलेल्या प्रकारात मागच्या रांगेतल्या मोहऱ्यांची सुरुवातीची जागा चिठ्ठी टाकून ठरते. २०२० मध्ये डीपमाइंडच्या संशोधकांनी माजी जगज्जेते व्लादिमीर क्रॅमनिक यांच्याबरोबर नऊ वेगवेगळे नियमबदल अल्फाझीरोकडून खेळवून पाहिले. तिथे प्रश्न डाव समतोल आणि रंगतदार होतो का हा असतो. रचनेत समतोलाचा प्रश्न येत नाही. मद्रासी समोरासमोर बसून खेळलात तर डाव कदाचित कंटाळवाणा होईल. त्याने त्याची रचनेतली किंमत कमी होत नाही.

या क्षेत्राचा कायापालट केला तो संगणकाने. पूर्वी अनोख्या अटींचे कोडे तपासायचे म्हणजे चार डोळस माणसांनी पट मांडून रात्री घालवायच्या, आणि तरीही वर्षभराने कुणीतरी दुसरे उत्तर काढायचे. पुरस्कार मिळालेल्या कितीतरी रचना अशा कोसळल्या. १९८० च्या दशकात फ्रान्सच्या फिलिप श्नोबेलन यांनी पोपाय नावाचा प्रोग्रॅम लिहायला घेतला. पुढे जर्मनीच्या एल्मार बार्टेल यांनी आणि इतरांनी तो वाढवला. त्याला शेकडो अटी आणि मोहरे समजतात, तो फुकट मिळतो आणि त्याचा स्रोतही खुला आहे. आज छापल्या जाणाऱ्या बहुतेक फेअरी रचनांखाली ‘सी+’ अशी खूण असते. अर्थ, संगणकाने तपासली आणि निर्दोष निघाली.

याने एक भीती गेली, पण दुसरी आली. तपासणी फुकट झाल्यामुळे अर्धवट विचार करून मांडलेली स्थितीही निर्दोष ठरू शकते. एकच उत्तर असणे हा आधी कष्टाने मिळवलेला गुण होता, आता तो उंबरठा झाला आहे. म्हणून परीक्षकाची जबाबदारी वाढली. उत्तर एकच आहे हे यंत्र सांगते; त्या उत्तरात पाहण्यासारखे काय आहे हे माणसालाच सांगावे लागते. माझ्या मते इथे परीक्षक अनेकदा कमी पडतात. अवघड तांत्रिक करामतीला ते फार लवकर भुलतात.

संस्थांच्या पातळीवर फेअरीला मान आहे. १९५६ पासून आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाचा, म्हणजे फिडेचा, रचनाविषयक स्थायी आयोग होता. त्याचीच पुढे रचनेची जागतिक महासंघटना झाली. निवडक रचनांचा फिडे अल्बम निघतो, त्यात फेअरीचा स्वतंत्र विभाग असतो, आणि अल्बममध्ये आलेल्या रचनांचे गुण साठून पदव्या मिळतात. सत्तर गुण झाले की रचनेतला ग्रँडमास्टर. ही पदवी पहिल्यांदा १९७२ मध्ये दिली गेली. बल्गेरियाचे पेत्को पेत्कोव यांनी हेल्पमेट, स्वतःवर मात ओढवून घेण्याची कोडी आणि फेअरी या तिन्हींत मिळून अल्बमच्या गुणांचा डोंगर उभा केला आहे. म्हणजे अनोख्या वाटेने जाऊनही शिखरावर पोचता येते. कोडी सोडवण्याच्या जागतिक अजिंक्यपदात मात्र सहा फेऱ्या असतात आणि त्यांत फेअरीची एकही नाही. कारण समजण्यासारखे आहे: कोणत्या अटी स्पर्धकाला ठाऊक असायला हव्यात हे ठरवायचे कसे? तरी नाकतोडा, नाइटरायडर, सर्सी आणि मद्रासी एवढ्या चारच गोष्टी आधी जाहीर करून एक फेरी घ्यायला काय हरकत आहे, हे मला कळत नाही.

महाराष्ट्रात बुद्धिबळ आज भरात आहे. नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ मध्ये महिलांचा विश्वचषक जिंकला. त्याआधीपासून नाशिकच्या विदित गुजराथीचे डाव घरोघरी मोबाइलवर पाहिले जातात. गावोगावी वर्ग चालतात, आणि तिथली मुले रोज डझनांनी कोडी सोडवतात, बहुधा डावपेच पक्के व्हावेत म्हणून. पण कोडे रचायला कुणी सांगत नाही. फेअरी रचना या मुलांना रचनेकडे आणायला सर्वांत सोयीची आहे, कारण इथे सुरुवातीची माहिती कमी लागते. सर्वांना नियम सारखाच नवा असतो. दहा वर्षांच्या मुलीला मद्रासीचा नियम पाच मिनिटांत समजतो आणि पुढच्या अर्ध्या तासात ती स्वतः असे काही शोधून काढू शकते, जे शिकवणाऱ्याच्या लक्षात आलेले नाही. डावाच्या सुरुवातीच्या सिद्धान्तांत असे कधी होत नाही.

छपाईचीही अडचण उरलेली नाही. नाकतोड्यासाठी नवीन ठसा लागत नाही. जगभर तो उलटा केलेला वजीर म्हणून छापतात आणि नाइटरायडर उलटा घोडा म्हणून. आपल्या दिवाळी अंकांत शब्दकोड्याला पान मिळते, राशिभविष्याला चार मिळतात. एका पानात चार आकृत्या बसतात. त्यातली पहिली सर्सीची, दुसरी मद्रासीची, तिसरी नाइटरायडरची आणि चौथी नाकतोड्याची ठेवावी, खाली एकेका वाक्यात नियम द्यावा, आणि उत्तरांबरोबर वाचकांनी रचलेली कोडीही मागवावीत.